अध्यक्षांची फिल्म

एका जिल्ह्याच्या रक्तपेढीची वेबसाइट होती. कुठल्या गटाचं रक्त कुठल्या गावी शिल्लक आहे, ते लोक तिच्यावर बघत. पण अध्यक्ष दिगंबरराव जाचक यांनी पहिल्याच पानावर आपल्या भाषणाची फिल्म टाकायला लावली. ती इतकी जड होती की डोंगराकडच्या गावांत पान उघडेचना. त्यापायी एका बाळंतिणीचा नवरा रक्त शोधत भलत्याच गावी गेला आणि इकडे ती बिचारी दगावली.

वेबसाइट सांभाळणाऱ्या शलाका तुळपुळेने भर बैठकीत विषय काढला. "साहेब, ती फिल्म काढू या. पान लगेच उघडेल."

"दोन मिनिटं थांबलं तर काय बिघडतं लोकांचं?" जाचक गरजले. त्या आवेशात त्यांना जोराचा ठसका लागला. "पाणी... पाणी द्या!"

शलाकाने पेला भरला, पण तो हातातच ठेवला आणि दुसऱ्या हाताने फोन त्यांच्यापुढे धरला. त्यावर जाचकांचंच भाषण सुरू होतं.

"एवढं संपलं की देते, साहेब."

"अहो बाई, इथे माझा जीव चाललाय आणि फिल्म कसली दाखवताय?"

"रक्त मागणाऱ्याला आपण हीच दाखवतो," असं म्हणून तिने पेला पुढे केला.

कुणीही हसलं नाही. फिल्म त्याच दिवशी निघाली आणि पान झटकन उघडू लागलं.

पुढे वेबसाइट सुधारल्याबद्दल जाचकांचा सत्कार झाला. खांद्यावरची शाल सावरत ते म्हणाले, "वेगाचा आग्रह पहिल्यापासून माझाच होता." टाळ्यांचा कडकडाट झाला. शलाका उठली आणि सभागृहाबाहेर निघून गेली.