गुंफामावशीचा कान

माणसं वैद्याला जीभ काढून दाखवायला लागली, त्याच्याही आधीची गोष्ट. एका पोटात, जठराच्या मागे, स्वादुपिंडाची आळी होती. तिथे गुंफामावशी नावाची आधारपेशी राहायची. कुणी "मावशी, लागलं" म्हटलं की धागे विणून जखम बांधायची, एवढंच तिचं काम. कोण ओरडतंय, ते मान वर करून बघायची तिच्यात पद्धतच नव्हती. आपल्यातही पुष्कळांच्यात नाही म्हणा.

शेजारचा फुगोबा म्हणजे बिघडलेली पेशी. खायचा, फुगायचा आणि निवांत ओरडायचा, "मावशी, लागलं गं." मावशी विणायची. विणता विणता त्याच्याभोवती भिंत उभी राहिली. फुगोबाला गाठायला औषधाचे थेंब आले आणि भिंतीवर डोकं आपटून परत गेले. आळी वाळत चालली, पण मावशी आपल्या विणीवर खूश.

मग एक वेगळाच थेंब आला. तो फुगोबाकडे गेलाच नाही. मावशीच्या कानात असा बसला, की फुगोबाची हाक तेवढी आत शिरेना. हात रिकामे झाले, तेव्हा मावशीने मान वर केली. भिंतीआड फुगोबा गलेलठ्ठ, अंगावर ओरखडासुद्धा नाही.

"याला लागलं होतं कुठे गं?" तिने विचारलं.

वाळलेली शेजारीण म्हणाली, "लागलं आम्हाला होतं, मावशी. आवाज त्याचा मोठा होता."

भिंतीबाहेर औषधाचे थेंब पुन्हा येऊन उभे होते. "मावशी, वाट देता?"

तिला त्यांच्याकडे बघवेना. खालमानेनेच तिने आपल्या हाताने घातलेला टाका उसवला.