बिनवासाचा दवणा

कनकगडच्या राजबागेतल्या दवण्याला वासच येईना! पान चुरगळून नाकाशी धरावं, तर त्यापेक्षा गवत बरं. अत्तरवाल्याने भट्टीवर हंडे चढवले, पण तेलाचा टिपूस नाही, नुसतं पाणी. आणि चैत्रात कुलदेवाला बागेतलाच दवणा वाहायचा, असा राजघराण्याचा रिवाज!

राजा शूरपाळाचं नाक भलतंच नाजूक. शेणाचा वास सोसत नाही म्हणून त्याने झाडांना चक्क गुलाबपाणी घालायला लावलं होतं. "सुगंधातून सुगंधच उगवणार!" असं त्याचं म्हणणं. राजाला शहाणपण शिकवणार कोण?

भिवबा माळ्याचा दवणा पार वेशीपर्यंत घमघमतो, हे कळताच राजाने त्याला बोलावून घेतलं.

"तसाच दवणा माझ्या बागेत पिकव. पण घाण वासाची एकही वस्तू फाटकातून आत येता कामा नये! नाही जमलं, तर तुझं रान सरकारजमा!"

भिवबाच्या तोंडचं पाणी पळालं. त्या रानावर तर घर चालत होतं! तेवढ्यात त्याची लेक हौसा पदर खोचून पुढे झाली.

"म्हाराज, वास घाण का चांगला, ह्ये ठरवायचं कुणी?"

"आमच्या नाकाने! या दरबारात दुसऱ्या कुणाला नाक आहे?"

दरबाऱ्यांनी मुकाट्याने नकारार्थी माना हलवल्या.

"मग ठरलं, म्हाराज!"

वाटेत भिवबा करवादला, "काय ठरलं, बये? शेणाबिगर काय घालणार झाडाला? तुझं डोस्कं?"

"आबा, दुधाला इरजण लावतो न्हवं? तसं मातीला लावायचं!"

हौसाने शेण, गूळ, बेसन आणि जुन्या वडाखालची मूठभर माती कालवून सावलीत झाकून ठेवली. रोज वरखाली केली. सुरुवातीला शेजारणी नाकाला पदर लावून जात. पुढे ते मुरलं, वाळलं आणि त्याचा मऊ, काळा भुगा झाला.

हौसा टोपली घेऊन फाटकाशी आली. राजा जातीने हजर! त्याने डोळे मिटून हुंगलं. पुन्हा हुंगलं.

"वा! रानात गेल्यासारखं वाटतंय! काय आहे हे?"

"मातीचं इरजण, म्हाराज."

"जाऊ द्या आत! आणि मूठभर चांदीच्या डबीत घालून आमच्या उशाशी ठेवा!"

चैत्र उजाडला. दवण्याचा घमघमाट महालाच्या गच्चीपर्यंत! भट्टीच्या पाण्यावर तेलाचा असा तवंग आला, की अत्तरवाला नाचायचाच बाकी राहिला. भरल्या दरबारात राजाने विचारलं, "पोरी, त्या विरजणात घातलंस तरी काय?"

"शेण, म्हाराज!"

दरबार गार! प्रधान ओरडला, "हुकूम मोडला! रान जप्त करा!" राजाचा चेहरा लालबुंद झाला.

हौसा जागची हलली नाही. "म्हाराजांच्या नाकानं हुंगून आत सोडलं, त्ये घाण कसं? आन् घाणच म्हणायचं आसंल, तर त्यातलं मूठभर म्हाराजांच्या उशाशी हाय. परधानजी, आदी त्यो पलंग जप्त करा, मग माझ्या बाचं रान!"

मग राजा असा खदखदून हसला, की मुकुट घरंगळून मांडीवर आला!

"रान तुमचंच! आणि आजपासून राजबागही हौसाच्या हुकमात!" डोळे पुसत तो प्रधानाकडे वळला. "सरकारी गोठ्यातलं शेण हिच्या घरी रोज पोचलं पाहिजे, प्रधानजी. आणि टोपली तुमच्याच डोक्यावर!"