मागच्या चाकाचे गुण

घाटमाथ्यावर जुन्या मोटारींचं प्रदर्शन भरलं होतं. परीक्षक रावसाहेब म्हणजे बडं प्रस्थ. त्यांच्यापुढे तोंड उघडायची कुणाची छाती नव्हती. कोकणातून आलेल्या यासीन फिटरच्या गाडीवर ते खूश झाले, पण मागच्या चाकाशी वाकले आणि कपाळाला आठ्या पडल्या. जुन्या एक्सलवर नवे डिस्क ब्रेक!

"मिस्त्री, गाडीची पार वाट लावलीत की! काढलेले जुने ड्रम ब्रेक आहेत का?"

"डिकीत आहेत."

"मग संध्याकाळपर्यंत बसवा, पहिलं बक्षीस तुमचं. माझा नियम एकच. गाडीत पहिल्यापासून जे होतं, तेच हवं."

यासीनने फडक्याला हात पुसले.

"साहेब, ही गाडी माझा थोरला भाऊ चालवायचा. हाच घाट उतरताना ते ड्रम तापले आणि ब्रेक लागलेच नाहीत. गाडी दुरुस्त झाली, भाऊ नाही. म्हणजे आधी ड्रायव्हर बदलला, मग ब्रेक. तुमच्या नियमाने ड्रायव्हर तुम्ही परत आणा. ड्रम मी तासाभरात बसवतो."



बक्षीस दुसऱ्याच गाडीला गेलं. यासीन त्याच घाटाने उतरला, आणि घरी पोहोचला.