रंगाखालचा अर्थ

एकदा एका खाडीत, प्रवाशांनी भरलेली एक होडी भर पाण्यात बंद पडली. ती चालवणारा तरुण तांडेल हसूराम. ज्या वृद्ध वस्तादांकडून तो इंजिनाचे काम शिकला, ते योगायोगाने त्याच होडीत होते. आणि त्याची पत्नी लतिकाही तान्ह्या मुलीला घेऊन याच होडीने माहेराहून परतत होती.

ओहोटी लागली होती. खाडीच्या मुखाशी खडक होते आणि पाणी होडीला तिकडेच ओढत होते. नांगर टाकला, पण तळाच्या कातळावरून तो नुसता घसरत राहिला. इंजिन चालू करायला हसूरामने सेल्फ मारला. ‘टक्’ एवढाच आवाज आला. पुन्हा मारला, पुन्हा टक्. मग तो किल्ली फिरवतच राहिला. खडकांवर फुटणारा फेस आता स्पष्ट दिसू लागला. प्रवासी गप्प झाले होते, आणि भ्यालेल्या माणसांचे गप्प होणे आरडाओरड्याहून भयंकर असते.

वस्ताद उठले. त्यांनी किल्ली काढून घेतली आणि मुठीत बंद केली.

“वस्ताद, द्या ती. माझी बायको नि पोर आहे होडीत.” हसूरामचा आवाज फाटला होता.

“म्हणूनच घेतली. आधी दिवा लाव.”

भर उन्हात दिवा कशाला, म्हातारा भ्रमिष्ट झाला की काय, असे कुणी पुटपुटले. हसूरामने होडीचा बॅटरीवरचा दिवा लावला. तो लख्ख पेटला. तेव्हा वस्तादांनी किल्ली परत दिली. “एकदाच मार. नजर दिव्यावर ठेव, खडकांवर नको.”

टक्. दिवा जराही मंदावला नाही.

“बॅटरी भरलेली आहे,” वस्ताद म्हणाले. “स्टार्टरने वीज ओढली असती तर दिवा मिणमिणला असता. वाट कुठेतरी अडलीय. अर्थची वायर बघ, वीज तिथूनच परतते.”

हसूरामने इंजिनावरच्या त्या वायरीच्या बोल्टला हात लावला. तो चांगलाच तापला होता आणि सैल होता. त्याने बोल्ट काढला. खाली निळा रंग. नारळी पौर्णिमेला होडी रंगवताना त्याने हौसेने इंजिनही रंगवले होते आणि वायर रंगावरच आवळली होती. रंगातून वीज जात नाही. बोल्टच्या आट्यांतून जेमतेम जात होती, ती हादऱ्यांनी अडली. आपल्याच हौसेने आपण या सगळ्यांना इथवर आणले, हे त्याला कळले. तरी त्याने सुरीने लोखंड चमकेपर्यंत रंग खरवडला, बोल्ट आवळला आणि सेल्फ मारला. इंजिन धडधडले. होडी वळली तेव्हा खडक वल्ह्याने ढकलता येईल इतका जवळ होता.

धक्क्याला लागल्यावर वस्ताद म्हणाले, “तू सेल्फ इंजिनासाठी मारत नव्हतास, हशा. आपण काहीतरी करतोय, एवढा दिलासा मिळावा म्हणून मारत होतास. भ्यालेले हात भीतीचीच चाकरी करतात. दोष शोधायचा तर आधी ते सोडवून घ्यावे लागतात.”

“तुम्हाला नाही वाटली भीती?”

“वाटली ना. मला पोहता येत नाही.”

उतरताना लतिकाने हळूच विचारले, “भीती गेली का?”

“नाही गेली,” तो म्हणाला, “पण हात आता माझं ऐकतायत.” आणि त्याने मुलीला तिच्याकडून घेतले.