उघडी चोच

"चोच काहून उघडी आहे?"

डोमाजी पेंटरांनी चित्रावरची नजर न काढता विचारलं.

हेमलता हसली. नऊ वर्षं ती या अंगणात येत होती. बाबाजींचा पहिला प्रश्न इतका सोपा कधीच नव्हता.

"उघडी होती म्हणून, बाबाजी."

"ते दिसतं. काहून होती, ते विचारतो."

 हेमलताला वाटलं, बाबाजी परीक्षा घेताहेत. घेऊ देत. यंदा ती नापास व्हायला आली नव्हती.

डोमाजी म्हणजे झाडीपट्टीतल्या नाटकांचे पडदे रंगवणारा माणूस. राजवाडा, देऊळ, घनदाट जंगल. लोक म्हणत, नाटक पडलं तरी चालेल, डोमाजीचा पडदा पडू नये. पण पडदे पोटासाठी होते. जीव सगळा पाखरांत. गावतळ्याच्या आसपासचं एकेक पाखरू त्यांनी कागदावर उतरवलं होतं, आणि ते कागद लाल फडक्यात बांधून ठेवले होते. गाव त्याला 'पाखरांची पोथी' म्हणे.

हेमलतानं ती पोथी पहिल्यांदा पाहिली तेव्हा तिला घाम फुटला होता. नागपुरात शिकलेली, बक्षिसं मिळवलेली, तालुक्याच्या हायस्कुलात चित्रकला शिकवणारी बाई. पण बाबाजींचा बगळा पाहिला आणि तिला कळलं, की आपण आजवर पिसं काढली, पाखरू नाही. त्या बगळ्याकडे पाहिलं की तो आता कोणता पाय उचलणार, तेसुद्धा सांगता येई.

त्या दिवसापासून ती दर उन्हाळ्यात येऊ लागली. या म्हाताऱ्याच्या हातात जे होतं, ते तिला हवं होतं. खोटं कशाला बोला, सगळंच्या सगळं हवं होतं.

पोथीत एकशे बारा पाखरं होती. एक जागा रिकामी होती.

ती स्वर्गीय नर्तकाची. पांढऱ्या फितीसारख्या लांब शेपटीचा नर, आणि विटकरी रंगाची, साध्या शेपटीची त्याची मादी. डोमाजींना ही जोडी घरट्यावर काढायची होती. वीस वर्षं शोधूनही घरटं सापडलं नाही. आणि आता हात थरथरू लागले होते. पाण्याचा पेलासुद्धा दोन्ही हातांनी धरावा लागे.

ती रिकामी जागा हेमलताला हवी होती. तिनं कधी बोलून दाखवलं नव्हतं. डोमाजींनी कधी विचारलं नव्हतं. पण दोघांनाही ते ठाऊक होतं.

आणि यंदा तिला घरटं सापडलं. नाल्याकाठच्या जांभळाच्या झाडावर, माणसाच्या खांद्याइतक्या उंचीवर. चार दिवस ती कापडाच्या आडोशामागे बसली. पाचव्या दिवशी सकाळी चित्र घेऊन थेट इथं आली.

आणि म्हातारा विचारत होता, चोच काहून उघडी!

"आई आहे ती, बाबाजी," हेमलता म्हणाली. "पिलांकडे पाहतेय. माया आहे त्या चोचीत. पंख बघा, कसे पसरलेत. कवेत घेतल्यासारखे."

"हं..."

"आणि ही सावली. पंखांची सावली पिलांवर कशी पडलीये! इथं माझे दोन दिवस गेले."

"सावली चांगली आहे."

डोमाजी 'चांगली' हा शब्द वर्षातून एखाद्या वेळी वापरत. हेमलताचे कान गरम झाले.

यमुनाआजी आतून पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. डोमाजींची बायको. त्यांच्या जिभेला गावातले सावकारसुद्धा भीत.

"पोरगी उन्हातून आली, आधी पाणी तरी पिऊ द्या. मग करा उलटतपासणी."

"किती वाजताचं आहे हे?" डोमाजींनी विचारलं.

"अकराचं," हेमलता म्हणाली. "अकरा ते एक. तेव्हाच उजेड नीट येतो घरट्यावर."

"जांभळाच्या झाडात?"

"हो."

"मे महिन्यात?"

"हो, बाबाजी."

"जांभळाच्या झाडात मे महिन्यात भरदुपारी उजेड नीट येतो..." डोमाजी स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "साठ वर्षांत मला तर असं झाड नाही भेटलं."

हेमलतानं पाण्याचा घोट घेतला. तो उगाच मोठा घेतला गेला.

"एक फांदी आड येत होती."

"मग?"

"तोडली. एकच. बोटाएवढी जाड. घरट्याला धक्कासुद्धा लागू दिला नाही मी. फोटोवाले तर अख्खं झाड मोकळं करून टाकतात. मी एकच फांदी—"

"तुझी कच्ची वही आण."

तिनं पिशवीतून वही काढून दिली. रोज जागेवर बसून पेन्सिलनं केलेली रेखाटनं होती तिच्यात. डोमाजींनी थरथरत्या हातांनी तीन कागद सोडवले आणि खाटेवर एकाशेजारी एक मांडले. 

पहिल्या दिवसाचं रेखाटन. मादी घरट्यात बसलेली. अंग सैल, चोच मिटलेली. पोटाखालून डोकावणारी चार डोकी. आणि घरट्यावर आडवातिडवा खरडलेला पाला, घाईघाईनं, वैतागून काढलेला.

दुसऱ्या दिवसाचं. पाला नाही. मादी घरट्याच्या काठावर उभी. पंख पसरलेले. चोच उघडी.

तिसऱ्या दिवसाचं. पंख आणखी पसरलेले. चोच आणखी उघडी.

डोकी तीन.

 कवेलूच्या छपरावर चिमण्या भांडत होत्या.

यमुनाआजी खाटेशी वाकल्या. आयुष्यात त्यांनी शाळेची पायरी चढली नव्हती. चित्रातलं आपल्याला काही कळत नाही, असं त्या दिवसातून दहादा सांगत.

"माय वो..." त्या म्हणाल्या. "लेकरं तापली ना हिची."

हेमलता पाहत राहिली. हे तिन्ही कागद तिनंच काढले होते. एक रेघ खोटी नव्हती. हातानं सगळं खरं लिहून ठेवलं होतं, डोळ्यांनी वाचलं नव्हतं.

"मला वाटलं, सापानं नेलं असेल," ती हळूच म्हणाली. "चौथं पिलू."

"नेलं असेल."

"बाबाजी..."

"बोल."

हे बोलायची तिला लाज वाटली. पण या अंगणात नऊ वर्षांत ती एकदाही खोटं बोलली नव्हती. एवढी एक श्रीमंती तिच्यापाशी होती, ती तिनं त्या दिवशीही सोडली नाही.

"मला बरं वाटलं होतं. तीन झाली तेव्हा. चार डोकी चित्रात गर्दी करत होती. तीन... नीट बसत होती."

डोमाजींनी तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. राग नव्हता.

"किती वाजले?"

"सव्वाअकरा व्हायला आले."

"सुतळी घे. कोयता घे," डोमाजी उठत म्हणाले. "चल."

"तुम्ही कुठं निघाले ह्या उन्हात?" यमुनाआजी कडाडल्या. "पडसान कुठं तरी! मग मी तुम्हाला उचलू का त्या पाखराला?"

"पाखराला," डोमाजी म्हणाले आणि डोक्याला दुपट्टा गुंडाळून चालू लागले.

हेमलतानं कागद-पेन्सिलींची पिशवी खांद्याला अडकवली, सुतळी, कोयता घेतला. आणि चित्रही घेतलं, फळीसकट. का घेतलं, ते तिचं तिलाच कळलं नाही. माणूस घर जळताना भलतंच काहीतरी उचलून पळतो, तसं.

नाला पाव कोसावर होता. 

जांभळापासून वीस पावलांवर डोमाजी थांबले.

मादी घरट्याच्या काठावर उभी होती. पंख पसरलेले. चोच उघडी. उन्हाचा एक झोत नेमका तोडलेल्या फांदीच्या खिंडारातून खाली उतरला होता, आणि ते इवलंसं पाखरू त्याला पाठीवर घेऊन उभं होतं. धापेनं गळ्याखाली धडधड धडधड होत होतं.

ही धडधड हेमलतानं काल पाहिली होती. ती चित्रात उतरत नाही, म्हणून रात्री तिला रुखरुखही लागली होती.

काठावरून एका पिलाची मान बाहेर लोंबत होती.

 हेमलतानं फळी दोन्ही हातांनी उचलली आणि घरट्यावर सावली धरायला धावली. दोनच पावलं गेली असेल. डोमाजींनी तिचं मनगट पकडलं. हात थरथरत होता, पण पकड पक्की होती.

"कावळ्यासाठी पाट मांडते का?"

"म्हणजे?"

"पांढरा कागद आहे तो. तळ्यापलीकडून दिसेल."

फळी खाली आली. हेमलताच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"मग फाडून टाकते हे! आत्ता फाडते!"

"काहून?"

"हे काढण्यापायी—"

"फाडून पिलू येत असंल तर फाड." डोमाजींनी नाक शिंकरलं. "चित्र चांगलं आहे. त्यानं काय केलं? रडायचं असंल तर घरी जाऊन रड, तिथं म्हातारी आहे सोबतीला. आता फांदी तोड. ह्या झाडाची नको, त्या पलीकडच्या जांभळाची. दाट पाहून."

तिनं फांदी तोडली.

"मी शंभरपर्यंत मोजतो," डोमाजी म्हणाले. "तू जवळ गेली की ती उडंल. ती उडाली की ऊन थेट पिलांवर. शंभरात बांधून परत ये."

"तुम्ही बांधा ना, बाबाजी. माझा हात..."

डोमाजींनी आपला हात तिच्यापुढे धरला. पाचही बोटं पिंपळाच्या पानासारखी हलत होती.

"जा. एक... दोन..."

हेमलता गेली. मादी चर्र करून उडाली आणि तिच्या डोक्यावर घिरट्या घालत शिव्याशाप देऊ लागली. तिचा आरडाओरडा ऐकून नर आला. पांढरी लांब फीत हेमलताच्या गालापासून हातभर अंतरावरून सळसळत गेली. एकदा गेली, परत आली, पुन्हा गेली. ज्याच्यासाठी चार दिवस ती श्वास रोखून बसली होती आणि जो तिला जेमतेम दोनदा, तोही लांबून दिसला होता, तो आता तिच्या डोळ्यांपुढे नाचत होता.

तिनं पाहिलं नाही. ती गाठ मारत होती.

एक गाठ खिंडाराच्या खुंटाला. दुसरी वरच्या फांदीला. पाला झुकून घरट्यावर आला. उन्हाचा झोत तुटला. लोंबणारी मान तिनं एका बोटानं अलगद आत सारली. मान बोटाखाली हलली.

"...ब्याण्णव... त्र्याण्णव..."

ती परत आली. दोघं तीस पावलं मागं जाऊन पळसाखाली बसले.

"वाळंल ती संध्याकाळपर्यंत," डोमाजी म्हणाले. "उद्या दुसरी बांध. उजाडता उजाडता, ऊन चढायच्या आत."

"किती दिवस?"

"पिलं उडेपर्यंत. आठ... नऊ."

"शनिवारी नागपूरला जायचं होतं मला."

"मग जा."

"नाही जात."

डोमाजींनी डोक्याचा दुपट्टा सोडून तिच्याकडे टाकला. तिनं तोंड पुसलं.

बराच वेळ गेला. मादी शेजारच्या झाडावर बसून मान वाकडी करकरून त्या नव्या पाल्याकडे पाहत होती. भरवसा नव्हता तिचा. का असावा?

मग ती आली. फांदीवर टेकली. एक उडी. दुसरी उडी. आणि पाल्यात शिरली.

हेमलता मान उंचावून पाहू लागली. डावीकडे सरकली, उजवीकडे सरकली. घरटं दिसेना. मादी दिसेना. पिलं दिसेनात. नाल्याकाठी आता एक साधं जांभळाचं झाड उभं होतं, जसं कुठंही असतं.

"चोच मिटली असेल का हो तिची?"

"मला काय विचारते? मला तुझ्याहून कमी दिसतं."

डोमाजींनी पळसाला पाठ टेकली.

"पोथीतली जागा अजून रिकामीच आहे," डोमाजी म्हणाले.

हेमलतानं मांडीवरच्या चित्राकडे पाहिलं आणि ते उलटं करून गवतात ठेवलं.

"हे नको तिथं. मीच सांगते, नको."

"मी कुठं हे म्हणालो?"

"मग?"

"कोरा कागद आहे ना जवळ? बस. काढ."

तिला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. पण डोमाजी झाडाकडे पाहत होते, पोथीतला बगळा काढताना पाहत असतील तसे.

"काय काढू, बाबाजी? आता काही म्हणता काही दिसत नाही. नुसता पाला दिसतो."

"पाला काढ मग."

"नुसता पाला...?"

"हो..." डोमाजी म्हणाले. "असा काढ, की आत ऊन पोचू नये."