नऊ नंबरची सुई आणि परीचा फाटका पंख

सात रंगांच्या फुलांची एक बाग होती आणि बागेच्या कुंपणाला टेकून एक इवलंसं खोपटं होतं. त्यात शेवंती नावाची चिमुरडी आणि तिची आई राहायची. घरात एकच मोलाची वस्तू होती, आईचं शिलाई मशीन. ते चाललं तर चूल पेटायची. नाहीतर मायलेकी पाणी पिऊन निजायच्या.

एके दिवशी सकाळी एक खार खिडकीतून टुणकन आत आली. तिच्या शेपटीचा फटका बसला आणि सुयांची डबी खण्णकन खाली पडली. डबीत पाच कप्पे होते, प्रत्येक जाडीच्या सुईचा वेगळा. आता साऱ्या सुया एकमेकींत मिसळून गेल्या.

आईने चाचपत एक सुई उचलली, मशीनला लावली आणि शिवायला बसली. कापड होतं गोदाताईचं. बाग राखणाऱ्या माळीकाकांची ही मुलगी, उद्या तिचं लग्न. तिच्या आईने देवाघरी जाण्याआधी लेकीच्या चोळीसाठी हे गुलाबी रेशीम जपून ठेवलं होतं. गुलाबाच्या पाकळीइतकं तलम!

खट्, खट्, खट्... टर्र!

शेवंती धावत आली आणि जागीच थिजली. रेशमावर भोकांची रांग पडली होती, नि मधोमध ही एवढी चीर!

“आई! ही तर ताडपत्री शिवायची सुई! हिच्यावर अठरा लिहिलंय!”

“लिहिलंय?” आई मशीनवर वाकली. “मला नाही गं दिसत. किती महिने झाले, आकडे दिसतच नाहीत. कप्पा बघून सुई घ्यायचे मी.”

इतके दिवस आई हे एकटीच सोसत होती! रडू लपवायला शेवंती बागेत पळाली.

तिथे बोरीच्या काट्यांत काहीतरी लुकलुकत होतं. शेवंतीने वाकून पाहिलं आणि तिचे डोळे विस्फारले. करंगळीएवढी परी! चांदण्यासारखा झगा, दवासारखे डोळे आणि काट्यात अडकून उभा फाटलेला एक निळसर पंख.

शेवंतीने हलक्या हाताने एकेक काटा बाजूला केला. तिची बोटं रक्ताळली, पण परीला तिने ओंजळीत अलगद उतरवून घेतलं.

“गुणाची गं बाळ,” परी म्हणाली. “एक इच्छा माग. पण नियम आहेत हं. इच्छा एकच. ती माझ्यासाठी मागायची नाही. आणि जे आपल्या हातांनी होतं, तेही मागायचं नाही.”

“मग तुमचा पंख?”

परीने मान खाली घातली. “सूर्य मावळायच्या आत जुळला नाही, तर माझा प्रकाश विझेल.”

शेवंती एकदम म्हणाली, “इच्छा राहू दे. आधी पंख! माझी आई शिवेल.”

शेवंती घरात शिरताच आई दचकली. “शेवंते, हातात काय चमकतंय गं? काजवा?”

“परी आहे, आई. तिचा पंख शिवायचाय.”

आईने छातीवर हात ठेवला. “अगं बाई! पंख म्हणजे रेशमाहून तलम. नऊ नंबरचीच सुई हवी. जाड लागली तर पंख कायमचा जाईल!”

शेवंतीने पांढरं फडकं उन्हात पसरलं. एकेक सुई तिरपी धरली की तिच्या जाड टोकावर बारीकसा आकडा चमकायचा. अठरा, सोळा, चौदा, अकरा. मोठा आकडा म्हणजे जाड सुई, लहान आकडा म्हणजे बारीक. तिने पाच रांगा मांडायला घेतल्या. चार रांगा चकचकत भरल्या. नऊची रांग मात्र रिकामीच राहिली!

उरल्या होत्या दोन सुया, आणि दोन्हींचे आकडे झिजून गेलेले. ऊन उंबऱ्याकडे सरकत होतं. परी फिकट पडत चालली होती.

शेवंतीने गुलाबाचं फूल आणलं. पहिली सुई टोचली. पाकळीवर ठिपका उमटला. दुसरी टोचली आणि काहीच दिसेना! पाकळी उजेडात धरली, तेव्हा कुठे केसाएवढं छिद्र दिसलं.

“हीच! हीच नऊची!”

आईने सुईची चपटी बाजू बोटाने चाचपली आणि सुई बरोबर बसवली. “मी चाक फिरवते, तू डोळे हो,” ती म्हणाली. लेक सांगायची, “थोडं डावीकडे, आता सरळ,” आणि आई एकेक टाका घालायची. शेवटचा टाका पडला, पंख थरथरला, आणि खोपटं निळ्या उजेडाने भरून गेलं!

“आता माग,” परी हवेत तरंगत म्हणाली.

आईचे डोळे! शेवंतीच्या ओठांवर शब्द आलेच होते. इतक्यात तिची नजर फाटक्या रेशमावर गेली. गोदाताईला तिच्या आईची दुसरी आठवण कुठून मिळणार? तिने रेशीम उचलून परीपुढे धरलं.

“गोदाताईचं रेशीम होतं तसं होऊ दे.”

परीने बोट फिरवलं. चीर मिटली, भोकं बुजली. आई हातांनी रेशीम पुन्हा पुन्हा चाचपत राहिली, तिला खरंच वाटेना.

“आणि स्वतःसाठी काहीच नाही?” परीने विचारलं.

“इच्छा एकच होती ना? आईला मी वाचून दाखवीन आकडे.”

परी हसली. “मागण्याला नियम असतात गं. न मागता देण्याला कसला नियम?”

तिने शिवलेला पंख आईच्या पापण्यांवरून हळूच फिरवला. सोनेरी, रुपेरी, मोरपंखी ठिणग्यांचा पाऊस पडला, लख्ख प्रकाश झाला आणि त्या प्रकाशात परी दिसेनाशी झाली.

आईने डोळे उघडले. शेवंतीकडे पाहिलं, आणि पाहतच राहिली.

“अगं, तुझा पुढचा दात पडला! कधी?”

“दोन महिने झाले, आई,” शेवंती म्हणाली, आणि दुसऱ्याच क्षणी आईने तिला घट्ट कवटाळलं.