उंबऱ्यावरचा न लिहिलेला शब्द

एके काळी एक वृद्ध गृहस्थ खेळ रचत असत. खेळ म्हणजे संगणकाच्या पडद्यावरचे, ज्यांच्यापायी आपली मुलं जेवायला हाक मारली की 'पाचच मिनिटं' म्हणतात आणि तासाने येतात. यांचे खेळ मारामारीचे नव्हते. खेळणाऱ्याने एका पात्राची भूमिका घ्यायची, अनोळखी प्रदेशातून हिंडायचं, भेटेल त्याच्याशी बोलायचं, प्रसंगी चुकीचा निर्णय घेऊन पस्तावायचं, असे ते लांबलचक प्रवास असत. एक खेळ पुरा व्हायला चाळीस तास लागतात हे ऐकून मी प्रथम हसलो होतो. मग आठवलं, की क्रिकेटच्या एका कसोटीला मी पाच दिवस देत आलो आहे, तेव्हा मी तरी हसू नये.

त्यांची कार्यशाळा एका पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर होती. गिरणी चालू असली की जमीन थरथरे, टेबलावरचा पेला आपोआप सरके. त्यामुळे पात्रांचे आवाज मुद्रित करायचे ते फक्त गुरुवारी, गिरणीच्या सुट्टीच्या दिवशी.

त्यांच्याकडे एक शिष्या होती. संभाषणं लिहिण्यात तिचा हातखंडा होता. भांडखोर नावाडी असो, खोटं बोलणारा पुजारी असो, नवरा गेलेली कुंभारीण असो, ज्याच्या त्याच्या तोंडी शोभेल असं वाक्य ती चहा निवायच्या आत लिहून देई. स्वतःसाठी मात्र तिला चार वर्षांत एक वाक्य सुचलं नव्हतं.

त्याचं असं झालं. घरी ती आणि आई, दोघीच. शेजारच्या शाळेत नोकरी मिळत असताना मुलगी दूरच्या शहरात जाऊन खेळ बनवणार, हे आईच्या गळी उतरेना. "खेळ हा काय धंदा असतो का?" या वाक्यावरून दोघींत आठवडाभर भांडण झालं. आठव्या दिवशी सकाळी मुलीने पिशवी उचलली. आई दारात आली, चौकटीला हात लावून उभी राहिली. आपल्याकडे घरातून निघताना कुणी 'जाते' म्हणत नाही. चार पावलांवरच्या दुकानात जायचं असलं तरी 'येते' म्हणायचं, हे पोराला बोलता यायला लागल्यापासून शिकवलेलं असतं. ही मुलगी रागाच्या भरात म्हणाली, "जाते मी." आणि जिना उतरली.

त्यानंतर ती घरी गेली नव्हती. राग तर महिन्याभरातच ओसरला होता. पण प्रत्येक दिवाळीला ती पिशवी भरी आणि परत रिकामी करी, कारण दार उघडल्यावर पहिला शब्द कोणता बोलायचा, हे तिला ठरवता येत नसे. दर रविवारी फोन होई. "जेवलीस का?" "हो. तू?" "मी पण. बरं, ठेवते." आई कधी 'ये' म्हणत नसे, लेक कधी 'येते' म्हणत नसे. दोघींना एकमेकींची आठवण इतकी येई, की त्याहून लांब बोलणं दोघींनाही झेपलं नसतं.

आता खेळाकडे वळू. या जगात दोन पंथ आहेत. एका पंथाच्या खेळात नायक स्वतःच्या आवाजात बोलतो, नाटकातल्या नटासारखा. दुसऱ्या पंथाच्या खेळात सगळं गाव बोलतं, नायक तेवढा अबोल. त्याची उत्तरं पडद्यावर लिहून येतात, खेळणारा त्यांतलं एक निवडतो, आणि त्याचा उच्चार झालाच तर खेळणाऱ्याच्या मनात होतो. आमचे वृद्ध गृहस्थ दुसऱ्या पंथाचे. त्यांच्या नव्या खेळात गावची विहीर आटते, आणि पाणी कुठं गेलं ते शोधायला एका घरातलं एक माणूस निघतं. अगदी पहिल्या प्रसंगात त्या माणसाची आई दारात येते, भाकरीचं गाठोडं हातात देते, म्हणते, "सांभाळून जा. पोचल्यावर कळव." आणि चौकटीला हात लावून उभी राहते.

पुढे काहीच नाही. इथं निवडायला उत्तरंसुद्धा नव्हती. खेळणाऱ्याने पाऊल पुढे टाकलं तर खेळ पुढे जाई. नाही टाकलं, तर ती बाई तशीच उभी राही. खेळ तपासायला दिलेल्या अकरा जणांनी लिहून कळवलं, की इथं गेम हँग होतो. शिष्येने तो दोष म्हणून नोंदवून ठेवला. तिने स्वतः तो कधी तपासला नाही. ती दुसऱ्या प्रसंगापासून, वेशीपासून, खेळ सुरू करी.

तशात एक व्यापारी आला. खेळ देशोदेशी पोचवणं हा त्याचा व्यवसाय. माणूस उमदा होता, खेळ त्याला मनापासून आवडला, पण एक गोष्ट खटकली.

"साहेब, नावाडी बोलतो, पुजारी बोलतो, तुमची ती म्हैससुद्धा हंबरते. आणि ज्याच्यासाठी एवढं सगळं, तोच मुका? लोक म्हणतील, आवाज द्यायला विसरले."

शिष्येला हे तंतोतंत पटलं. "सर, मी लिहिते त्याचे संवाद. एकदा करून तर बघू."

वृद्ध म्हणाले, "करून बघ." त्यांच्या चेहऱ्यावरून होकार की नकार ते कुणाला कळलं नाही.

तिने दोन महिने खपून नायकाची सगळी वाक्यं लिहिली. एका गुरुवारी नामांकित नट आला. पहिलंच वाक्य होतं, "येतो, आई." त्याने ते चौदा प्रकारे म्हटलं. सातव्या खेपेला असं काही म्हटलं, की व्यापाऱ्याने चष्मा काढून पुसला. ते वाक्य लिहिताना शिष्येला काही जड गेलं नव्हतं. दुसऱ्याच्या तोंडून, आणि तेही एका पुरुषाच्या तोंडून, तो शब्द म्हणवून घेणं तिला सोपं गेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वृद्धांनी शिष्येला आणि व्यापाऱ्याला बोलावलं. शिष्येच्या हाती खेळ चालवायचा कंट्रोलर दिला आणि म्हणाले, "पहिल्या दारापासून खेळ."

ती क्षणभर घुटमळली, मग खेळली. आई दारात आली, गाठोडं दिलं, "सांभाळून जा. पोचल्यावर कळव," म्हणाली. नायक म्हणाला, "येतो, आई." आवाजात कंप होता, माया होती, जे हवं ते सगळं होतं. पावलं आपोआप पुढे पडली.

"कसं वाटलं?" वृद्धांनी विचारलं.

"छान झालंय, सर. तो फार छान बोलला."

"आणि तू काय केलंस?"

"मी? मी ऐकलं."

वृद्ध उठले आणि त्यांनी एक चमत्कारिक गोष्ट केली. ज्या वाक्यासाठी चौदा वेळा मेहनत घेतली होती, नेमकं तेवढंच वाक्य त्यांनी बंद करून टाकलं. बाकी सगळं तसंच ठेवलं. "पुन्हा," ते म्हणाले.

आई दारात आली. गाठोडं दिलं. "सांभाळून जा. पोचल्यावर कळव." चौकटीला हात लावून उभी राहिली.

खाली गिरणीवाल्याने जेवणासाठी मोटार बंद केली होती, त्यामुळे खोलीतही आवाज नव्हता. शिष्येचा अंगठा बटणावर होता, पण ती ते दाबेना. पडद्यावरच्या बाईने एकदा पापणी लववली. पदर सारखा केला. पुन्हा बघत राहिली.

"अडकला बघा," व्यापारी हळूच म्हणाला.

"अडकलेला नाही," वृद्ध म्हणाले.

बराच वेळ गेला. मग शिष्या बोलली. कुणी सांगितलं नव्हतं, कुठं लिहिलेलं नव्हतं. तिच्या तोंडून इतक्या हळू आवाजात शब्द आला, की तो गुरुवारी मुद्रित केला असता तरी नीट ऐकू आला नसता.

"येते."

आणि तिने कंट्रोलर खाली ठेवला, आणि ती रडली. चार वर्षांचं रडणं होतं ते, त्याला थोडा वेळ लागला. दोघे पुरुष खिडकीबाहेर बघत बसले. व्यापाऱ्याने तिच्याकडे पाण्याचा पेला सरकवला.

ती सावरल्यावर वृद्ध बोलले. एरवी ते फारसं बोलत नसत.

"तो नट उत्तम आहे. ज्या कथेतला माणूस आधीच ठरलेला असतो, त्याला त्याचा आवाज द्यावाच लागतो. त्याला गप्प बसवणं हा त्याच्यावर अन्याय आहे. असे खेळ मीही आवडीने खेळतो. पण या कथेत घरातून कोण निघतं, ते मी ठरवलेलं नाही. आपल्या भाषेत 'मी' म्हणून थांबता येत नाही; लगेच पुढच्या शब्दात बाई की पुरुष, ते सांगावं लागतं. तो 'येतो' म्हणाला, त्याबरोबर ते घर त्याचं झालं, आई त्याची झाली. तू बाहेर उभी राहून एका परक्या मुलाचा निरोप पाहिलास. तो गप्प राहिला, तेव्हा ती बाई तुझ्याकडे बघायला लागली."

शिष्येने विचारलं, "सर, तुम्हाला माहीत होतं?"

"काय?"

"माझ्या घरचं."

"नाही. तू पहिल्या दारापासून कधी खेळत नाहीस, एवढं दिसत होतं. कारण मी विचारलं नाही. अगं, मला तुझा तो शब्द लिहिताच आला नसता. मी फार तर 'येतो' लिहिलं असतं, फार तर 'येते' लिहिलं असतं. पण त्याच्यामागे जे साचलं होतं ते मी कुठून आणणार? ते तुझ्याकडे होतं. मी फक्त आईला दारात उभं केलं आणि बाजूला झालो."

व्यापाऱ्याने घसा साफ केला. "ते ठीक. पण लोक म्हणतील गेम हँग झाला, त्यांना मी काय सांगू?"

"थोडं थांबा म्हणावं."

व्यापाऱ्याने बॅग उचलली, चपला घातल्या. जिन्याच्या तोंडाशी सवयीने म्हणाला, "बरं, येतो." आणि स्वतःचाच शब्द ऐकून तिथं जरा वेळ उभा राहिला. मग उतरला. खेळ पुढे अबोल नायकासहच बाजारात गेला, हे सांगायला हवं. किती खपला, ते मी विचारलेलं नाही.

शिष्या त्याच शनिवारी गावी निघाली. सहा तासांच्या प्रवासात तिने माफीची निदान वीस वाक्यं जुळवली. लेखिकाच ती, एकेक वाक्य घासूनपुसून ठेवलं. घराशी पोचली तेव्हा ऊन कलत होतं. दार लोटलेलंच होतं. तिने कडी वाजवली.

आई आली. केस पुष्कळ पांढरे झाले होते. तिने लेकीकडे पाहिलं आणि चौकटीला हात लावून उभी राहिली. ना हसली, ना रडली, ना काही विचारलं. वीसच्या वीस वाक्यं लेकीच्या डोक्यातून निघून गेली. खूप वेळ दोघी तशाच. मात्र या खेपेला लेकीला त्या शांततेची भीती वाटली नाही. कुणीतरी आपल्यासाठी मोकळी ठेवलेली ती जागा आहे, हे तिला आता ठाऊक होतं.

"आले," ती म्हणाली.

आईने तिच्या हातातली पिशवी घेतली. चार वर्षांनी नव्हे, चार पावलांवरच्या दुकानातून लेक परतावी, तशी ती म्हणाली, "किती वेळ लावलास गं. हातपाय धू, ताट वाढते."

या गोष्टीत मी कुणालाच नाव दिलेलं नाही. विसरलो नाही.